एका वेताला किती पिल्ले? आधी सड मोजा

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाचकाने विचारले आहे: "पावसाआधी छपराचे नळे (कौले) परतायला माणसे चढली तेव्हा पोटमाळ्यावर काटांदराची तीन पिल्ले सापडली. आई दिसली नाही. तिला तीनच झाली असतील, की बाकीची मेली? दुसरे असे, की आमच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) उतरणाऱ्या डुकरिणीमागे दहा-बारा पिल्ले असतात, पण गव्यांच्या कळपात एका मादीमागे एकच वासरू. रानटी जनावरांना एका वेळी नेमकी किती पिल्ले होतात, आणि एवढा फरक कशामुळे?"

तातडीचे आधी सांगतो. पिल्ले आहेत तिथेच राहू द्या. त्या कोपऱ्यावरचे नळे सध्या परतू नका. रात्री माळ्यावर कोणी चढायचे नाही, वाटीत दूध ठेवायचे नाही, कुत्रा असेल तर बांधून ठेवायचा. आई अंधार पडला की येते. जागा धोक्याची वाटली तर एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवते. काटांदराला, म्हणजे पुस्तकातल्या उदमांजराला, एका वेताला दोन ते पाच पिल्ले होतात. तीन ही नेहमीचीच संख्या आहे, त्यामुळे बाकीची मेली असे धरून चालायचे कारण नाही.

आता मोठा प्रश्न. मी गुरांचा डॉक्टर. सत्तरी आणि सांगे भागात २४ वर्षे गाई-म्हशींची बाळंतपणे करतो आहे, आणि वनखात्याने बोलावले की जखमी किंवा मेलेले रानटी जनावर पाहायलाही जातो. अमुक जनावराला किती पिल्ले होतात असे कोणी विचारले की मी उलट विचारतो, त्याला सड किती?

कारण पिल्लांची संख्या शेवटी दुधावर ठरते. पोटात वाढवणे आईला जड जातेच, पण त्याहून जड जाते ते पाजणे. गाभणपणात जेवढे अंगावरचे झडत नाही तेवढे दूध देताना झडते, हे ज्याच्या गोठ्यात दुभती गाय आहे त्याला वेगळे सांगायला नको. म्हणून निसर्गात एक ठोकताळा सापडतो: जितके सड त्याच्या साधारण निम्मी पिल्ले, आणि जास्तीत जास्त म्हणजे सडांइतकी. उंदीर-घुशींच्या जातींत तो चांगला जुळतो, कुत्र्या-डुकरांतही बऱ्यापैकी. निम्मीच का, तर एखादे वेत मोठे झाले, एखादा सड आटला किंवा दुखावला, तरी पिल्लाला तोंड लावायला जागा उरावी. याला अपवादही आहेत. पूर्व आफ्रिकेत जमिनीखाली वसाहत करून राहणारा एक केस नसलेला उंदीर आहे. त्याच्या राणीला सड बाराच्या आसपास आणि पिल्ले सरासरी जवळजवळ तेवढीच, कधी पंचवीसच्या वर. ती पाळीपाळीने पितात. पण राणी बिळात सुरक्षित असते आणि तिला खाऊ घालायला सगळी वसाहत राबते, म्हणून ते निभावते.

डुकरिणीचे मी डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बागायतीच्या कडेला ब्रेकच्या तारेच्या फासात एक मादी सापडून मेली होती. शवविच्छेदन माझ्याकडे आले. पोट उघडले तर गर्भाशयाची दोन्ही शिंगे लांबलचक, वालाच्या भरल्या शेंगेसारखी, ठरावीक अंतरावर फुगलेली. डावीकडे तीन, उजवीकडे तीन. पाच पिल्ले वीतभर लांबीची, पाठीवर फिकट पट्टे उमटू लागलेली. सहावे, उजव्या शिंगाच्या टोकाचे, बाकीच्यांपेक्षा बरेच बारीक. पोटावरचे सड मोजले, ते बारा. गाईचे गर्भाशय मी शेकडो वेळा हाताळले आहे. त्याची शिंगे मेंढ्याच्या शिंगासारखी वळलेली आणि आखूड असतात, एक वासरू ऐसपैस राहील अशी. डुकरिणीचे गर्भाशयच मुळात रांगेने पिल्ले ठेवायला घडलेले असते. जनावराला किती पिल्ले व्हायची याचे अर्धे उत्तर तिथेच दिसते.

आपल्याकडच्या रानडुकराला एका वेताला सहसा चार ते सहा पिल्ले होतात. पोटात ती सुमारे ११५ दिवस राहतात, म्हणजे चार महिन्यांनाही थोडे कमी. खाणे भरपूर मिळाले, मादी अंगाने भरलेली असली तर पिल्ले जास्त, उपासमारीच्या वर्षी कमी. ज्या वर्षी फणस आणि काजूचे बोंडू जमिनीवर कुजेपर्यंत पडून राहतात, त्याच्या पुढल्या वेताला डुकरे वाढली तर नवल नाही. व्यायच्या आधी मादी कळप सोडते, गवत आणि फांद्या ओढून जाळीत घरट्यासारखी गादी करते आणि तिथे वितते. पुढच्या सडांना दूध जास्त असते, म्हणून पिल्ले पहिल्याच दिवसापासून जागेसाठी भांडतात आणि काही दिवसांत ज्याचा त्याचा सड ठरून जातो. मग अंधारातही प्रत्येक पिल्लू आपल्याच सडाला जाते. ते सहावे बारीक पिल्लू जन्मले असते तर त्याच्या वाट्याला शेवटचा सड आला असता.

मग तुम्हाला दिसलेली दहा-बारा कुठून आली? ती एकीची नव्हेत. पिल्ले थोडी मोठी झाली की आई त्यांना घेऊन कळपात परतते, आणि कळप म्हणजे नात्यातल्या माद्या. आई, मुली, बहिणी मागेपुढे वितात आणि पिल्ले एकत्र फिरतात. पुढे चालणारी एक मोठी मादी तेवढी नजरेत भरते, बाकीच्या झाडोऱ्यात असतात. पुढच्या वेळी पिल्लांचा आकार पाहा. निम्मी पट्टेवाली आणि निम्मी पट्टे गेलेली तांबूस असतील, तर दोन वेते आहेत हे उघड आहे.

गव्याकडे वळू. गवा गोव्याचा राज्यप्राणी. त्याला सड चार, म्हणजे ठोकताळ्याने दोन पिल्ले हवीत, पण होते एकच. जुळे अगदी विरळ. इथे सडांचा हिशोब मागे पडतो आणि दुसरा पुढे येतो. गव्याची मादी नऊ महिने गाभण राहते आणि वीस किलोच्या वर वजनाचे वासरू जन्माला घालते. ते डोळे उघडे ठेवूनच येते, जन्मल्यावर थोड्या वेळात उभे राहते आणि काही दिवसांत कळपाबरोबर चालू लागते. बीळ नाही, घरटे नाही, लपायला गवत तेवढे. अशा जनावराचे पिल्लू पायांवर उभे राहण्याइतके तयार होऊनच बाहेर यावे लागते, आणि तेवढे तयार पिल्लू पोटात एकच मावते. तुमच्या गोठ्यातली गाय जुळी व्याली की आपण काळजीत पडतो ते उगीच नाही. जुळी वासरे हलकी निघतात, वार अडकते, गाय खंगते. रानात तिला कॅल्शियम चढवायला कोणी नसतो.

सांबर, चितळ यांचेही तसेच, एका वेताला एक. भेकराला एक, क्वचित दोन. पिसोरी, ते सशाएवढे हरीण, त्याला एक किंवा दोन.

चोर्ल्याच्या घाटात एकदा पहाटे गाडीने उडवलेली भेकराची मादी माझ्यासमोर आणली होती. पोटात एकच पिल्लू, पुरे दिवस भरलेले. अंगावर पांढुरके ठिपके, पापण्यांना केस आलेले. खुरांवर मऊ, पिवळसर, रबरासारखे आवरण. आईची पिशवी फाटू नये म्हणून खूर असे गुंडाळलेले असतात, आणि जन्मल्यावर चालायला लागले की ते आवरण झिजून जाते. ते खूर बोटांनी दाबून पाहताना कळले की हे पिल्लू आणखी एक-दोन दिवसांत जंगलात उभे राहिले असते. आईच्या मागे एक जीव, आणि तोही तिच्यासोबतच गेला. डुकराच्या सहा पिल्लांतली दोन गेली तर चार उरतात. इथे एक गेले की ते वर्ष रिकामे.

माकड आणि वानर यांनाही एकच. दोन सड, तेही छातीवर, आणि पिल्लू पोटाला बिलगून फांदीवरून फांदीवर जायचे. दुसऱ्याला जागाच नाही. वानराचे नवजात पिल्लू काळसर असते आणि कळपातल्या इतर माद्या ते हातोहात फिरवतात, त्यामुळे एकीच्या अंगावर सकाळी एक आणि दुपारी दुसरे पाहून लोकांना जुळे वाटते. वटवाघळांना बहुतेक जातींत एकच, कारण पिल्लू घेऊन उडायचे असते. कीटक खाणाऱ्या लहान वटवाघळाचे पिल्लू जन्मताच आईच्या वजनाच्या जवळपास पाव भाग भरते. मुरगाव, आग्वाद या बाजूला समुद्रात जे डॉल्फिन दिसतात त्यांनाही एकच. त्या पिल्लाला जन्मल्या क्षणी श्वासासाठी वर यावे लागते.

आणि खवले मांजर. यावर मी जरा थांबतो, कारण याच्याबद्दल लोकांना फारच कमी ठाऊक आहे. त्याला दोन सड, छातीवर. पिल्लू एक, क्वचित दोन. जन्मताना खवले मऊ असतात, नंतर टणक होतात. थोडे मोठे झाले की ते आईच्या शेपटीच्या मुळावर पोटावर पडून, खवल्यांना नखे अडकवून फिरते. भीती वाटली की आई वेटोळे घालते आणि पिल्लू त्या वेटोळ्याच्या आत. वाघ-बिबट्यापुढे ही युक्ती चालते, पण माणूस तेच वेटोळे उचलून पोत्यात टाकतो आणि आतल्या पिल्लासकट नेतो. एका वेताला सात-आठ पिल्ले देणारे जनावर शिकारीतून सावरू शकते. एकेक पिल्लू देणारे जनावर गावच्या रानातून एकदा गेले की परत भरून यायला माणसाचे अर्धे आयुष्य लागते. कोणी खवल्यांचे औषध सांगत आले, तर हा हिशोब त्याला ऐकवा.

मांजरकुळाचे मधले. बिबट्याला दोन ते तीन, वाघाला दोन ते चार, रानमांजराला साधारण तीन. बिबट्याची मादी तीन महिन्यांच्या आसपास गाभण राहते, वाघीण साडेतीन महिन्यांच्या. एवढ्या मोठ्या जनावराला इतका कमी काळ का, असे वाटते. कारण शिकार करून जगणाऱ्या मादीला पोटाचे ओझे फार दिवस वाहून चालत नाही. ती पिल्ले कच्ची जन्माला घालते, डोळे मिटलेली, वाघाची किलोभराची आणि बिबट्याची अर्ध्या किलोची, आणि पुढचे वाढवणे बाहेर, कपारीत किंवा जाळीत करते. अस्वलाचेही असेच. एवढे थोरले जनावर, पण पिल्लू अर्ध्या किलोच्या आतबाहेर. एक किंवा दोन असतात आणि गुहेतून बाहेर पडली की आईच्या पाठीवर बसून फिरतात.

वाघिणीची पिल्ले आईसोबत दीड-दोन वर्षे राहतात आणि तोवर ती सहसा पुन्हा वीत नाही. त्यातली बरीच पहिल्या वर्षातच जातात. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यातल्या गोळावली भागात चार वाघ विषाने मेलेले सापडले, वाघीण आणि तिची तीन पिल्ले. बातमी वाचताना बहुतेकांनी चार हा आकडा लक्षात ठेवला. मी तीन या आकड्यावर अडकलो. वाघिणीने एका वेताची तीन पिल्ले एवढी वाढवली, म्हणजे तिला पुरेशी शिकार मिळत होती, पाणी होते, लपायला जागा होती. त्या रानाने एक पुरे वेत सांभाळून दाखवले होते. गुरे मारली गेल्याचे दुःख मला कळते. मेलेल्या गाईंचे पंचनामे मीच लिहितो आणि भरपाईसाठी माणसे किती खेटे घालतात हे रोज पाहतो. तरीही ते वेत आठवले की आजही घशात आवंढा येतो.

कोळसुणी, म्हणजे रानकुत्री, दुसऱ्या टोकाची. मादीला सड बारा ते सोळा, आणि पिल्ले सहज सहा-आठ, कधी त्याहून जास्त. पोटात दोनच महिने. एवढी पिल्ले तिला एकटीला पोसवलीच नसती. पण कळपात बहुधा एकच मादी वितते आणि बाकीचे सगळे तिला राबतात. शिकार खाऊन आलेले कोळसुणे बिळापाशी येऊन पिल्लांसमोर मांस ओकतात, एखादा राखणीला मागे राहतो. कोल्ह्याकडेही मागच्या वेताची पिल्ले धाकट्यांना सांभाळायला कधी कधी आईबापांसोबत राहतात. मदतीला हात असतील तिथे वेत मोठे असू शकते.

नदीतला ऊद आणि घरावरचे उदमांजर यांत लोक घोळ करतात, ती दोन वेगळी जनावरे. चोडणच्या खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) मानशीपाशी, म्हणजे पाण्याच्या दारापाशी, फिरतो तो ऊद, त्यालाही दोन ते पाच पिल्ले.

उंदीर-घुशींचे थोडक्यात. पोटात तीन आठवडे, एका वेताला सहा-आठ सहज, कधी जास्त, आणि अन्न असेल तर वर्षात अनेक वेते. भात पोटरीला आले की त्यांची वीण वाढते, म्हणून सरद, म्हणजे पावसाळी, पिकाच्या कापणीला बांध पोखरलेले दिसतात. त्यांच्याच कुळातले साळिंदर मात्र उलटे चालते. साडेतीन-चार महिने गाभण आणि पिल्ले एक किंवा दोन. पिल्लू डोळे उघडेच घेऊन येते. काटे जन्मताना ओले आणि मऊ, काही तासांत कडक. सड पोटावर नसून कुशीच्या बाजूला असतात. काट्यांच्या भरवशावर हे जनावर पुष्कळ वर्षे जगते, म्हणून त्याला घाई नाही. शेकरूही तसाच, खारीचाच भाऊबंद पण पिल्ले एक-दोनच.

आता जे माझ्या जिवाला लागलेले आहे ते लिहितो. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक गृहस्थ भेकराचे पाडस घेऊन आले. गवतात एकटेच पडले होते, म्हणाले, आईने टाकलेले दिसते. मी ते ठेवून घेतले आणि बाटलीने गाईचे दूध पाजले. चौथ्या दिवशी हगवण लागून ते गेले. तेव्हा मला ठाऊक नव्हते की भेकराची आई पाडसाला गवतात दडवून स्वतः दूर चरते आणि पाजण्यापुरती येते. ती जवळपास असली तर तिच्या वासाने बिबट्या येईल, म्हणून लांब राहते. ससाही तसाच. एक ते चार पिल्ले, केसाळ, डोळे उघडी, आणि आई दिवसातून जेमतेम एकदा पाजायला येते. त्या माणसाला मी त्याच पावली परत पाठवून पाडस होते तिथे ठेवायला लावले असते, तर आई त्या रात्री आली असती. पुण्याकडे जुन्नर भागात उसाच्या फडात सापडलेली बिबट्याची पिल्ले त्याच जागी ठेवून आईशी गाठ घालून देण्याचे काम वर्षानुवर्षे होत आले आहे. माणसाच्या हाताचा वास लागला की आई टाकते ही समजूत तिथे पुन्हा पुन्हा खोटी ठरली आहे.

म्हणून पिल्ले मोजताना तीन आकडे वेगळे ठेवा: जन्मली किती, तुम्हाला दिसली किती, आणि जगली किती. काटांदराची आई पिल्ले हलवत असताना तुम्ही माळ्यावर गेलात तर पाचातली दोन आधीच पुढच्या घरी पोचलेली असू शकतात. आईचा शेवटचा फेरा व्हायच्या आत उरलेले एक उचलून आणले तर पोरके आपणच केलेले असते.

तुमच्या माळ्याचे असे करा. त्या कोपऱ्यावर पावसापुरते प्लास्टिक टाका, वरून दगड ठेवा, आत जायची फट उघडी राहू द्या. रात्री अंगणात दिवा मालवून बसलात तर आठ-नऊच्या सुमारास पन्हळीवरून किंवा माडाच्या झावळीवरून ती येताना दिसेल. दोन रात्री पाहूनही आली नाही आणि पिल्ले सतत किंचाळत असतील, अंगाने गार लागत असतील, तरच वनखात्याला कळवा. पाळायचा विचार मनात आणू नका, कायद्यानेही ते चालत नाही. डोळे अजून मिटलेले असतील तर ती दहा-अकरा दिवसांच्या आतली आहेत. दोन महिन्यांची झाली की दूध सुटते आणि आईमागून बाहेर पडू लागतात. गणेशचवथीला माटोळी (गणपतीवरची फळापानांची चौकट) बांधायला घ्याल त्याआधी माळा रिकामा झालेला असेल. तेव्हा एका रात्री सगळी बाहेर गेल्याची खात्री करून ती फट जाळीने बुजवा आणि राहिलेले नळे परतून घ्या.